लाइट गेली-आली की वरच्या मजल्यावर इंटरनेट गायब: जुना राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावल्यावरचा घोळ कसा सोडवायचा

खालच्या हॉलमध्ये फायबरचा डबा बसवून दिलेला असतो, वरच्या खोल्यांत रेंज पोचत नाही, आणि कपाटात आधीच्या कनेक्शनचा धडधाकट राऊटर पडून असतो. मग घरातलं कुणीतरी मधे केबल ओढतं, जुना राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून (म्हणजे खालचं इंटरनेट फक्त वायफायवर पुढे देणारा) वर लावतं आणि फोनवर वायफायची सगळी दांडकी भरलेली दिसतात. काही दिवस सगळं सुरळीत चालतं. एके संध्याकाळी लाइट जाऊन येते आणि फोन सांगू लागतो: जोडलेलं आहे, इंटरनेट नाही. राऊटर बंद करून चालू केला की कधी चालतं, कधी चालत नाही. कधी वर चालतं आणि खालचा टीव्ही बंद पडतो. तक्रार केली की माणूस येतो, आपला डबा तपासतो, त्याच्या बाजूनं सगळं बरोबर असतं, आणि तो निघून जातो.

शेवटी निष्कर्ष निघतो की जुना राऊटर खराब झाला, आणि राऊटरांची नवी महागडी जोडी विकत आणली जाते. बहुतेक वेळा राऊटर अजिबात खराब नसतो. त्याला आपण अर्धवटच अ‍ॅक्सेस पॉइंट केलेलं असतं. तो अजूनही स्वतःला घराचा मुख्य राऊटर समजून काम करत असतो आणि घरात दोन कारभारी होतात. हे एकदा नीट लक्षात आलं तर पुढची दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे.

आधी फोनवरचा पत्ता वाचा

काहीही उपटण्याआधी, रीसेट करण्याआधी, बिघाड चालू असतानाच फोन हातात घ्या. अँड्रॉइडवर वायफायच्या यादीत जोडलेल्या नावावर टॅप केलं की तपशिलात आयपी पत्ता (जाळ्यातला फोनचा नंबर) आणि गेटवे (इंटरनेटसाठी फोन ज्याच्याकडे जातो त्याचा पत्ता) दिसतो. आयफोनवर नावापुढच्या निळ्या ‘आय’वर टॅप करा, तिथे गेटवेला राऊटर म्हटलेलं असतं. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. याच वेळी खाली फायबरच्या डब्याशेजारी नीट चालत असलेल्या फोनवरचेही आकडे लिहा. दोन्ही शेजारी ठेवले की बहुतेकदा उत्तर समोरच असतं.

समजा खालच्या फोनचा गेटवे १९२.१६८.२९.१ आहे. जिओफायबरच्या डब्यावर सहसा हाच पत्ता असतो. इतर बऱ्याच डब्यांवर १९२.१६८.१.१ सापडतो. वरच्या फोनचा गेटवे मात्र १९२.१६८.०.१ दिसतोय. टीपी-लिंक, डी-लिंक, टेंडा यांच्या अनेक राऊटरांचा हा मूळचा पत्ता. म्हणजे वरच्या फोनला पत्ता जुन्या राऊटरनं दिला, आणि ‘इंटरनेटसाठी माझ्याकडे ये’ असंही सांगितलं. त्याच्याकडे तर इंटरनेट नाही. फोन इमानदारीनं तिथे विचारतोय आणि उत्तर मिळत नाहीये.

दुसरी शक्यता अशी की लॅपटॉपवर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसतो. हा पत्ता कुणी दिलेला नसतो. मागून मागून कुणाचंच उत्तर आलं नाही, म्हणून यंत्रानं स्वतःच स्वतःला घेतलेला असतो. अँड्रॉइड फोन अशा वेळी पत्ता मिळवतोय मिळवतोय म्हणत राहतो आणि शेवटी सोडून देतो. याचा अर्थ तुमचा आवाज मुख्य डब्यापर्यंत पोचतच नाही. केबल निघालीय, तुटलीय किंवा चुकीच्या पोर्टमध्ये खोचलेली आहे.

तिसरी शक्यता, पत्ता आणि गेटवे दोन्ही खालच्यासारखेच दिसतात. इथे माणसं फसतात, कारण आकडे बरोबर दिसत असूनही घोळ असू शकतो. जुन्या राऊटरचा मूळ पत्ताही १९२.१६८.१.१ असेल आणि डब्याचाही तोच, तर फोनवर चूक दिसणारच नाही. ओळखायची सोपी युक्ती आहे. वरच्या वायफायवर असतानाच ब्राउझरमध्ये तो गेटवेचा पत्ता टाका (आकडे इंग्रजी अंकांत टाइप करावे लागतात) आणि पान कुणाचं उघडतं ते पाहा. फायबरच्या डब्याचं पान यायला हवं. जुन्या राऊटरच्या कंपनीचं नाव आलं तर चोर सापडला.

दोघं पत्ते वाटतात तेव्हा

घरातलं प्रत्येक यंत्र वायफायला जोडलं की आधी ओरडून विचारतं: मला पत्ता कोण देईल? या देवाणघेवाणीचं नाव डीएचसीपी, आणि आजही आपण तिचा १९९७ साली ठरलेला आराखडाच वापरतो. ओरडणं सगळ्या जाळ्याला ऐकू जातं. ज्यांच्यात डीएचसीपी सर्व्हर चालू आहे ते सगळे उत्तर देतात, आणि बहुतेक फोन-लॅपटॉप पहिलं आलेलं उत्तर घेऊन मोकळे होतात. कोणतं उत्तर योग्य हे तपासायची सोय त्यांच्याकडे नसते. एकाच दवाखान्यात दोन जण आपापल्या वहीतून नंबर वाटू लागले की काय होईल, तेच इथे होतं.

आता लाइटचा संबंध बघा. लाइट येते तेव्हा डबा आणि जुना राऊटर एकाच क्षणी सुरू होतात. फायबरच्या डब्याला उठायला वेळ लागतो. त्याला आधी प्रकाशाचा सिग्नल पकडायचा असतो, पलीकडच्या यंत्राशी ओळख पटवायची असते, आणि मगच तो स्थिरावतो. साधा जुना राऊटर सहसा त्याच्या कितीतरी आधी तयार होतो. या मधल्या मिनिटा-दोन मिनिटांत घरातले सगळे फोन, टीव्ही, कॅमेरे पत्ता मागतात आणि उत्तर द्यायला एकटा जुना राऊटर हजर असतो. केबल डब्याच्या लॅन पोर्टमधून (घरातल्या यंत्रांसाठीच्या भोकातून) राऊटरच्या लॅन पोर्टमध्ये टाकलेली असल्यामुळे त्याचं उत्तर खालच्या मजल्यावरही पोचतं. म्हणून तर खालचा टीव्हीसुद्धा बंद पडतो आणि कुणाला त्याचा वरच्या राऊटरशी संबंध लागत नाही.

लाइट न जाता सगळं चाललेलं असतं, कारण तेव्हा दोघंही जागे असतात, डब्याचं उत्तर बऱ्याचदा आधी पोचतं, आणि फोन आपला जुना पत्ता पुन्हा मागून घेतात. म्हणजे काही दिवस चाललं हा सेटिंग बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

हा बिघाड आपोआप का सुटत नाही, तेही यातच आहे. पत्ता मुदतीचा असतो. मुदत अर्धी संपली की फोन ज्यानं पत्ता दिला त्याच्याकडेच मुदतवाढ मागतो. टीपी-लिंकच्या अनेक जुन्या राऊटरांत ही मुदत १२० मिनिटांची असते. म्हणजे दर तासाला फोन चुकीच्या दारातच जातो आणि तिथून आनंदानं मुदत वाढवून मिळते. फोनचं वायफाय बंद-चालू केलं की पुन्हा शर्यत लागते, आणि त्यात कधी हा जिंकतो, कधी तो. ‘कधी चालतं, कधी नाही’ याचं एवढंच रहस्य आहे.

दुरुस्ती, आणि तिचा क्रम

क्रम इथे फार महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या क्रमानं गेलात तर राऊटरच्या पानाबाहेर अडकून पडता.

जुना राऊटर घराच्या जाळ्यापासून पूर्ण वेगळा करा. मागचं रीसेटचं भोक टाचणीनं दहा-पंधरा सेकंद दाबून त्याला कोरा करा. हे टाळू नका. जुन्या कनेक्शनच्या काळात कुणीतरी मुलांसाठी वेळेची बंधनं घातलेली असतात, ठरावीक फोनच जोडता यावेत अशी यादी केलेली असते, शेजाऱ्यांसाठी पाहुण्यांचं वायफाय चालू केलेलं असतं. ही सगळी भुतं नंतर त्रास देतात. कोरा झाल्यावर लॅपटॉप केबलनं त्याच्या लॅन पोर्टला जोडा, खालच्या चिकटपट्टीवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका आणि आत जा.

आत गेल्यावर पहिल्यांदा वायफायचं नाव आणि पासवर्ड टाकून घ्या. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. टीकेआयपी हा जुना प्रकार निवडलंत तर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जाणार नाही, मग राऊटर कितीही चांगला असो. राऊटर उघडायचा पासवर्डही बदला. अजूनही कितीतरी घरांत तो कंपनीनं दिलेलाच असतो.

मग लॅनचा पत्ता बदला. मुख्य डबा १९२.१६८.२९.१ असेल तर जुन्या राऊटरला १९२.१६८.२९.२ द्या, डबा १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२. पहिले तीन आकडे डब्याचे, शेवटचा वेगळा, आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. एक काळजी घ्या: हा शेवटचा आकडा डब्याच्या वाटपाच्या यादीत नसावा. डब्याच्या पानावर डीएचसीपीची सुरुवात आणि शेवट दिलेला असतो. तो २ ते २५४ असा सगळाच व्यापलेला असेल तर सुरुवात १० पासून करून टाका, म्हणजे २ ते ९ तुमच्या हातात राहतील. नाहीतर एखाद्या दिवशी डबा २ नंबर पाहुण्याच्या फोनला देऊन बसेल.

पत्ता सेव्ह केला की राऊटर पुन्हा सुरू होतो आणि जुन्या पत्त्यावर सापडत नाही. घाबरू नका, नव्या पत्त्यावर जा. डीएचसीपी अजून चालू असल्यामुळे लॅपटॉपला आपोआप नव्या कुळातला (पहिले तीन आकडे तेच असलेला) पत्ता मिळतो. नाही मिळाला तर केबल काढून पुन्हा लावा.

आता शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं: डीएचसीपी सर्व्हर डिसेबल करा, सेव्ह करा. हे आधीच केलं असतंत तर राऊटर पुन्हा सुरू झाल्यावर लॅपटॉपला पत्ता द्यायला कुणी उरलं नसतं आणि पान उघडलं नसतं. तसं झालंच असेल तर लॅपटॉपला हातानं पत्ता द्या, राऊटर १९२.१६८.०.१ असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.०.५०, मास्क वरचाच, आणि आत जा. पानावर आयपीव्ही६ चा (पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा) वेगळा विभाग असेल तर तिथलंही लॅनकडचं पत्तावाटप बंद करा.

जुन्या एडीएसएल मोडेमवाल्यांसाठी एक सूचना. टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडच्या काळातले वायफायवाले मोडेम अजून अनेक घरांत आहेत आणि तेही अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालतात. त्यांतल्या काहींवर सेव्ह म्हणजे तात्पुरतं लागू करणं असतं, कायमचं साठवायला मेनूत वेगळं सेव्ह किंवा सेव्ह अँड रीबूट शोधून दाबावं लागतं. ते न दाबल्यास लाइट गेली की सगळं पुसलं जातं आणि डीएचसीपी पुन्हा जिवंत होतं. तुम्ही बंद केलेलं असूनही ते दर वेळी चालू सापडत असेल तर आधी हेच तपासा.

एवढं झाल्यावरच केबल जोडा. फायबरच्या डब्याच्या लॅन पोर्टमधून जुन्या राऊटरच्या लॅन पोर्टमध्ये. वेगळ्या रंगाच्या किंवा थोड्या दूर ठेवलेल्या, बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या वॅन पोर्टमध्ये नाही.

वॅन पोर्टची गंमत नाही, गुंता आहे

वॅन पोर्ट मुद्दाम वेगळा दिलेला असतो म्हणून हात तिकडेच जातो. डीएचसीपी चालू ठेवून वॅनमध्ये केबल टाकली तर इंटरनेट चालतंही, आणि म्हणून अनेकांचं समाधान होतं. पण तो अ‍ॅक्सेस पॉइंट झालेला नसतो. घराच्या जाळ्याच्या आत त्यानं आपलं दुसरं जाळं उभं केलेलं असतं आणि मधे भिंत. मग वरच्या फोनला खालचा प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर फोनचा पडदा टाकता येत नाही. या तक्रारी इंटरनेटच्या वाटत नाहीत म्हणून त्यांचं कारण कुणी इथे शोधत नाही.

डीएचसीपी बंद करून केबल वॅनमध्ये राहिली तर काहीच चालत नाही आणि १६९.२५४ दिसू लागतो. आणि दोन्हींकडे कूळ एकच, १९२.१६८.१, असताना वॅनमध्ये केबल टाकली तर राऊटरला बाहेर कोणतं आणि आत कोणतं तेच कळत नाही. काही राऊटर अशा वेळी स्वतःचा लॅन पत्ता स्वतःच बदलतात. मग नेहमीच्या पत्त्यावर पान उघडत नाही आणि राऊटर बिघडला असं वाटतं.

तुलनेनं नव्या राऊटरांत ऑपरेशन मोड नावाचा पर्याय असतो आणि त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट. तो असेल तर वरची सगळी यातायात सोडून तोच वापरा. तो डीएचसीपी स्वतः बंद करतो आणि बहुतेक मॉडेलांत वॅन पोर्टही इतरांसारखाच वापरू देतो. फक्त एक ध्यानात ठेवा: या मोडमध्ये राऊटर स्वतःचा पत्ता फायबरच्या डब्याकडून घेतो. त्यामुळे तो जुन्या पत्त्यावर सापडणार नाही. डब्याच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, तिथे त्याचा नवा पत्ता मिळेल.

त्याच मेनूत रिपीटर हाही पर्याय असतो. केबल टाकलेली असताना तो कधीही निवडू नका. रिपीटर हवेतून डब्याला जोडतो आणि केबलही डब्याला जोडलेली, म्हणजे दोन वाटांनी एक वर्तुळ तयार होतं. जाळ्यातला निरोप त्या वर्तुळात फिरत राहतो, फिरताना वाढत जातो, आणि काही क्षणांत घरातलं सगळंच ठप्प होतं. केबलची लोंबकळणारी दोन टोकं कुणी नीटनेटकेपणानं दोन्ही लॅन पोर्टांत खोचली तरी हेच. ओळखण्याची खूण अशी की सगळ्या पोर्टांचे दिवे एकाच लयीत, न थांबता, वेगानं लुकलुकतात. एक टोक काढलं की सगळं शांत होतं.

पत्ता बरोबर, तरीही अडखळतं

डीएचसीपी बंद, केबल लॅनमध्ये, गेटवे बरोबर, आणि तरी मधूनमधून तुटतं. आता केबल आणि हवा यांत फरक करायचा. लॅपटॉप वरच्या राऊटरला केबलनं जोडा आणि डब्याच्या पत्त्याला सतत पिंग (उत्तर येतंय का हे पाहणारी आज्ञा) चालू ठेवा. मग केबल काढून वायफायवरून तेच करा. केबलवरही उत्तरं गळत असतील तर दोष मधल्या तारेत आहे. केबलवर स्वच्छ आणि वायफायवर गळती असेल तर दोष हवेत.

तारेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे पैसे वाचवण्याच्या नादात सगळं बिघडतं. बाजारात स्वस्त मिळणारी बरीच केबल वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. ती लांबवर टिकत नाही, वाकवली की आतून तुटते, आणि टोकाला दाबून बसवलेला कनेक्टर सैल पडतो. पूर्ण तांब्याची कॅट ६ घ्या. मर्यादा १०० मीटरची आहे, घरात ती ओलांडायचा प्रश्न येत नाही. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या दोनच लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही. त्यामुळे एक जोडी तुटली की इंटरनेट बंद पडत नाही. वेग गुपचूप १०० वर येतो, कधी जोड सारखा तुटून लागत राहतो. वरती नेमके नव्वदच्या आसपास एमबीपीएस मिळत असतील तर दोन गोष्टी बघा: जुन्या राऊटरचे पोर्टच १०० चे आहेत का, आणि नसतील तर केबलच्या चारही जोड्या शाबूत आहेत का.

कोकणात, किंवा जिथे केबल गच्चीवरून नाहीतर भिंतीबाहेरून नेलेली आहे तिथे, पावसाळ्यानंतर कनेक्टर बदलून घ्या. दमट हवेत त्याच्या पत्र्या काळ्या पडतात. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना बाहेरून गेलेली तांब्याची तार दोन्ही टोकांचे पोर्ट जाळू शकते, राऊटर मात्र वरवर चालू दिसतो. एक लॅन पोर्ट मेला म्हणून राऊटर टाकून देऊ नका, केबल शेजारच्या पोर्टमध्ये लावून पाहा.

अ‍ॅडाप्टर हा दुसरा दुर्लक्षित गुन्हेगार. घरातल्या एका खोक्यात सगळे अ‍ॅडाप्टर एकत्र पडलेले असतात आणि पिन बसली की तो आपलाच असं गृहीत धरलं जातं. राऊटरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असताना १२ व्होल्टचा लावला तर तो जळू शकतो. व्होल्ट बरोबर पण अँपिअर कमी असतील तर राऊटर सुरू होतो, दिवे लागतात, आणि संध्याकाळी सगळे घरी येऊन चार-पाच फोन जोडले गेले की तो पुन्हा सुरू होतो. दर संध्याकाळी ठरावीक वेळी वायफायचं नावच यादीतून नाहीसं होत असेल तर आधी अ‍ॅडाप्टरवरचे आकडे वाचा. व्होल्ट नेमके तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

हवेचा भाग. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ आणि ११ हेच एकमेकांत न मिसळणारे. खाली १ असेल तर वर ६ किंवा ११ हातानं ठरवून द्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. दोन्ही एकाच चॅनेलवर राहिले तर एक बोलताना दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. ५ गिगाहर्ट्झ असेल तर तो वापराच, पण चिऱ्याच्या किंवा जुन्या वाड्याच्या जाड भिंतीतून तो पलीकडे फारसा जात नाही. अशा घरात राऊटर जिन्याच्या तोंडाशी ठेवण्यापेक्षा ज्या खोलीत काम करता त्याच खोलीत केबल नेणं केव्हाही चांगलं.

दोन्हींना एकच नाव द्यावं की वेगळं, यावर माझं मत ठाम आहे. सुरुवातीला वेगळं द्या. कोणता फोन कुठे जोडला हे डोळ्यांना दिसतं, आणि बिघाड आला तर शोधणं सोपं जातं. काही दिवस लाइट गेल्या-आल्यावरही सगळं नीट राहिलं की मग नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही अगदी सारखे करा. नाव-पासवर्ड सारखे पण खाली डब्ल्यूपीए३ आणि वर डब्ल्यूपीए२ असं ठेवलं तर काही फोन एकीकडून दुसरीकडे जाताना अडतात. एवढं करूनही वर गेल्यावर फोन खालच्या क्षीण सिग्नलला चिकटून बसतो असं दिसेल. कुणाला जोडायचं हे फोन ठरवतो, राऊटर नाही. खालच्या डब्याची ट्रान्समिट पॉवर एक पायरी कमी करता आली तर करा, फोन लवकर सोडेल.

वायफाय चालतं पण वरचे दोन फोन एकमेकांना किंवा प्रिंटरला दिसत नाहीत, असं झालं तर जुन्या राऊटरच्या वायफाय विभागात एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून तोडणारा पर्याय) बंद आहे का पाहा. पाहुण्यांचं वेगळं वायफाय मात्र या जुन्या राऊटरवर ठेवू नका. अनेक मॉडेलांत अ‍ॅक्सेस पॉइंट झाल्यावर ते वेगळं राहतच नाही आणि पाहुण्याचा फोन थेट घराच्या जाळ्यात येतो. ते मुख्य डब्यावर करा.

खरी परीक्षा

सगळं लावून झाल्यावर लाइट जाण्याची वाट पाहत बसू नका. मेन स्विच किंवा त्या दोन सॉकेटची बटणं एकदम बंद करा, मिनिटभर थांबा, एकदम चालू करा. फायबरचा डबा अजून उठतोय तेवढ्यात फोन वरच्या वायफायला जोडा. या अवस्थेत फोनला पत्ता मिळायलाच नको. मिळाला तर घरात अजून दुसरा कुणी वाटतोय, आणि त्याचा गेटवे वाचून तो कोण ते कळेल. (कधी तो तिसराच निघतो: कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर किंवा विसरलेला एखादा छोटा राऊटर.) डबा पूर्ण सुरू झाल्यावर मग पत्ता मिळावा, गेटवे डब्याचा असावा, आणि वरची सगळी यंत्रं आपोआप चालू व्हावीत.

ज्यांच्याकडे राऊटरसाठी छोटा बॅटरीवाला यूपीएस आहे त्यांनी तो मुख्य डब्याला लावावा. वरचा राऊटर लाइट गेल्यावर बंद पडला तरी पत्ते डब्याकडेच राहतात, त्यामुळे नुकसान काही नाही. उलट केलं, म्हणजे वरचा बॅटरीवर आणि डबा नाही, तर वायफाय दिसत राहील पण इंटरनेट नसेल.

पुढे कधी तुम्ही कंपनी बदललीत किंवा फायबरचा डबा बदलून मिळाला, तर नव्या डब्याचं कूळ वेगळं असू शकतं, १९२.१६८.१ च्या जागी १९२.१६८.२९. वरचं वायफाय तरीही चालत राहील, कारण नीट अ‍ॅक्सेस पॉइंट झालेला राऊटर पत्त्यांत लक्षच घालत नाही, तो फक्त निरोप इकडून तिकडे देतो. मात्र त्याचं स्वतःचं पान उघडणार नाही, कारण तो अजून जुन्या कुळात बसलेला असतो. रीसेट करू नका. रीसेट केला की डीएचसीपी पुन्हा चालू होऊन सगळं पहिल्यापासून करावं लागेल. लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.५० असा जुन्या कुळातला पत्ता हातानं द्या, १९२.१६८.१.२ वर जा, त्याचा पत्ता १९२.१६८.२९.२ करा, सेव्ह करा, आणि लॅपटॉप पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर टाका. नवा पत्ता राऊटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीशेजारी पेननं लिहून ठेवा, जुना खोडून.